दोन उभ्या रेघा

गहिनीनाथ सेक्रेटरीने उभ्या जन्मात एक कागद श्री घातल्यावाचून सुरू केला नव्हता. लग्नपत्रिकेवर आणि दुकानाच्या पाटीवर श्री सगळेच घालतात, त्यात विशेष काही नाही. पण गहिनीनाथाने वायरमन फिरकत नाही म्हणून वीज कंपनीला तक्रार केली, तीही श्री घालून. कुत्रं चावल्याचा जबाब दिला, तोही श्री घालून. एकदा दूध संस्थेच्या भिंतीवर ‘येथे थुंकू नये’ असं लिहायचं ठरलं, तेव्हा त्याने रंगाचा डबा घेऊन आधी वर श्री काढला, त्याच्या दोन्ही अंगांना दोन दोन उभ्या रेघा मारल्या आणि मग खाली मजकूर लिहिला. त्यानंतर लोक थुंकायचे काही थांबले नाहीत, पण श्रीपासून हातभर सरकून थुंकू लागले. एवढा फरक पडला, हेही थोडं नाही.

मिरजगावच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत वळलं की त्याचं गाव लागतं. पाऊस या गावाला ओळख दाखवतो, थांबत मात्र नाही. म्हणून शेतीपेक्षा गोठ्यावर लोकांचा भरवसा जास्त, आणि दूध संस्था म्हणजे गावाचं नाक. गहिनीनाथ मिसरूड फुटायच्या वयात तिथे कॅन धुवायला लागला, तो पुढे सेक्रेटरी झाला आणि तिथेच त्याचे केस पिकले. मापं गेली, फॅट काढायचं मशीन आलं, चेअरमन आले आणि पडले. गहिनीनाथ आपला जागच्या जागी. माणूस सरळ होता. दुधात पाणी घालणाऱ्यावर तो कधी ओरडला नाही. कॅनमध्ये बघायचा आणि म्हणायचा, “हिरीला पानी आलं वाटतं.” ऐकणारा दुसऱ्या दिवशी दाट दूध घेऊन यायचा.

मग संस्थेत कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला अश्विनीला घेतलं. अश्विनी ही लंकाबाईची सून. लंकाबाईचं घर दर साल ऊसतोडीला जाणारं. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाचा ट्रक येतो आणि अर्धी वस्ती भांड्याकुंड्यांसकट त्यात बसून कारखान्याच्या फडावर जाते. तिथे नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा. अश्विनी बी. ए. झालेली, टायपिंग येणारी. पण लग्न झाल्यावर तीही नवऱ्याबरोबर, कल्याणबरोबर, फडावर गेली. पहाटेच्या थंडीत ऊस तोडला, डोक्यावर मोळ्या वाहिल्या, पाचटाच्या कोपीत राहिली. संस्थेत काम मिळालं तेव्हा कुठे तिने लग्नानंतरचा पहिला हिवाळा स्वतःच्या घरात काढला. तिला घ्या, हा शब्द गहिनीनाथाने टाकला होता. तेव्हाचे आणि आत्ताचेही चेअरमन काकासाहेब म्हणाले होते, “सेक्रेटरी, तुमी म्हनताय तर घेऊ.” ती त्याला अण्णा म्हणायची आणि त्याच्यासमोर खुर्चीवर बसताना अजून अवघडायची.

या श्रावणात नगरच्या दूध संघाने नवा नियम काढला. सकाळचं दूध मोजून झालं की आकडे कॉम्प्युटरवरून संघाकडे गेले पाहिजेत. आकडे पोचले तर टँकर गावाकडे वळेल, नाहीतर परस्पर पुढे जाईल. फोनवर सांगितलेले आकडे धरले जाणार नाहीत. संघाच्या माणसाने येऊन पडद्यावर एक चित्र बसवून दिलं. त्यावर दोनदा टिचकी मारली की काळी खिडकी उघडायची, तीत चार ओळी पळायच्या, आकडे जायचे आणि खिडकी मिटायची. या चित्रामागे एक लहानशी फाईल आहे, कॉम्प्युटरने काय काय करायचं ते हुकूम तीत एकाखाली एक लिहिलेत, तिला कोणी हात लावू नका, एवढं सांगून तो चहा पिऊन गेला.

गहिनीनाथाने हात लावला नाही. त्याने फक्त उघडून पाहिली. फाईल कशी उघडायची ते अश्विनीनेच त्याला शिकवलं होतं. आत इंग्रजी हुकूम होते, ते त्याला कळले नाहीत आणि कळावेत अशी त्याची इच्छाही नव्हती. त्याला दिसलं ते एवढंच, की पहिल्या ओळीपासून एकदम कामालाच सुरुवात केली होती. वर श्री नव्हता. गावाचं सगळं दूध ज्या कागदावरून जाणार, तो असा बोडका. त्याने पहिल्या ओळीच्या वर जागा केली. कळफलकावर मराठी नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत श्री लिहिला. दोन्ही बाजूंना रेघा पाहिजेत म्हणून शोधलं, तर एका कोपऱ्यात उभ्या रेघेची एक कळ सापडली. ही कळ तिथे कशासाठी दिली असेल, हे त्याला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. कॉम्प्युटर करणाराही आपल्यातलाच कोणीतरी असणार असं वाटून त्याला बरं वाटलं. दोन रेघा, श्री, दोन रेघा. मग फाईल जपून ठेवली आणि उदबत्ती लावली.

याला कोणी फाईलला हात लावणं म्हणत असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नाही. पत्रावर श्री लिहिला म्हणून पत्रात बदल केला असं कोणी म्हणतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा करताना त्याने फाईल उघडली, तर श्री नव्हता. त्याने पुन्हा लिहिला. तिसऱ्या दिवशीही नव्हता. त्याने मनाशी हिशेब लावला, की देवाला वाहिलेली कालची फुलं आज निर्माल्य होतात, तसं मशीनचंही असणार. कालचा श्री ते दिवसभरात पचवत असेल, आज ताजा लागतो. तेव्हापासून रोज सकाळी कुलूप काढायचं, झाडू मारायचा, फोटोला हार घालायचा, फाईलीत श्री घालायचा, हा त्याचा नेम झाला. त्याबद्दल तो कोणाशी बोलला नाही. देवपूजेची जाहिरात करायची त्याला सवय नव्हती.

आणि त्याच दिवसांपासून कॉम्प्युटर बिघडला.

बिघाड असा, की दूध मोजून झालं आणि अश्विनीने चित्रावर टिचकी मारली की काळी खिडकी उघडायची, तीत काहीतरी एक ओळ चमकायची आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर खिडकी गुल. आकडे जायचे नाहीत. मग अश्विनी म्हणायची, “अण्णा, तेवढा च्या सांगता का?” गहिनीनाथ चहा सांगायला बाहेर जायचा. तो परत येईपर्यंत आकडे गेलेले असायचे. रोज पहिला फेरा वाया, दुसरा बरोबर. ती चमकणारी ओळ काय म्हणते हे कळावं म्हणून काकासाहेबांनी एकदा मोबाईल धरून फोटो काढला. फोटोत काकासाहेबच आले, मागे ट्यूबलाईट. त्यांनी तो तसाच ठेवून दिला, कारण त्यात ते बरे दिसत होते.

भाद्रपदात अश्विनी भावाच्या साखरपुड्याला माहेरी गेली. त्या दिवसांत गहिनीनाथाने स्वतः टिचक्या मारल्या. एकदा, दोनदा, बोट दुखेपर्यंत. आकडे गेले नाहीत, टँकर वळला नाही. गावातलं सगळं दूध ज्याचं त्याच्या घरी परत गेलं. बायकांनी दही लावलं, लोणी काढलं, आणि उरलेल्या ताकाची कढी गाव खात राहिलं. आठवडा उलटला तरी कोणाच्या घरी कढीचं नाव काढायची सोय नव्हती. अश्विनी आली आणि त्याच दिवशी दुसऱ्या फेऱ्याला आकडे गेले.

आता गावाला काय कळायचं ते कळलं. पोरीने मशीनला काहीतरी कळ लावून ठेवलीय. तिच्याशिवाय चालू नये, म्हणजे तिला कोणी काढू नये. ऊसतोडीला जायला नको ना तिला! बोलणारे हे पारावर बोलले, गोठ्यात बोलले, दळणाच्या रांगेत बोलले. फक्त अश्विनीसमोर कोणी बोललं नाही. तक्रार ज्याची त्याच्या तोंडावर करायची नाही, ही या गावची रीत. माणसं चांगली आहेत, पण तेवढं त्यांना जमत नाही.

शेवटी दसऱ्याच्या आधी बैठक झाली. काकासाहेबांनी गहिनीनाथाला विचारलं, “सेक्रेटरी, तुमी समोर असता. काय हुतं ते सांगा.”

गहिनीनाथ खोटं बोलणारा माणूस नव्हता. दुर्दैवाने त्या दिवशीही तो खोटं बोलला नाही. तो म्हणाला, “सकाळी कुलूप मी काढतो. पूजा करतो. तवर मशीनीला कुनाचा हात लागत न्हाई. पैल्यांदा दाबलं की खिडकी मिटती. मग मी च्या सांगाया जातो. मधी ही कायतरी करती, आन मग आकडे जात्यात.”

“काय करतीस मधी?” काकासाहेबांनी अश्विनीला विचारलं.

अश्विनी दाराशी उभी होती. तिने एकदा गहिनीनाथाकडे पाहिलं. मग फरशीकडे पाहत म्हणाली, “काय न्हाई. परत दाबते.”

ती खोटं बोलतेय हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसलं. गहिनीनाथालाही दिसलं, आणि त्याला वाईट वाटलं. ज्या पोरीसाठी आपण शब्द टाकला तिने असं करावं! काकासाहेब म्हणाले, “उद्यापासनं मशीनीला हात लावू नको. तात्पुरतं.” संस्थेत तात्पुरतं या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. दाराचा कडीकोयंडाही तात्पुरता म्हणून बांधलेल्या तारेवर कैक वर्षं चालला होता.

दसरा झाला. मुकादमाचा ट्रक कधी निघणार ते ठरलं, आणि लंकाबाईच्या घरी या खेपेला पुरा कोयता जाणार, हेही ठरलं. गहिनीनाथ रोज त्यांच्या दारावरून जायचा. अश्विनी अंगणात बसून गोधड्यांना टाके घालत असायची. आधी ती “अण्णा” म्हणून हाक मारायची. आता मान वर करायची नाही.

इकडे कॉम्प्युटर पार बसला. पहिला फेरा वाया आणि दुसराही वाया. भाद्रपदातल्यासारखाच आता कालचा श्री सकाळी जागच्या जागी दिसायचा; आजारी मशीनला पचत नसेल असं म्हणून गहिनीनाथ तो पुसून ताजा घालायचा. संघाने मेहरबानी म्हणून थोडे दिवस फोनवर आकडे घेतले आणि बजावलं, की दिवाळीपर्यंत नीट झालं नाही तर तुमचं गाव यादीतून काढू. गहिनीनाथाने ठरवलं, की अश्विनीने काय कळ लावलीय ती आपण शोधून काढायची. त्याने नगरला फोन लावला. संघाची कॉम्प्युटरची कामं बघणारा हर्षल नावाचा मुलगा होता, गोड बोलायचा.

“काका, खिडकीत एरर काय येतोय?”

“ते वाचाया गावत न्हाई. दिसतंय दिसतंय म्हनेस्तवर जातंय.”

“मग ते आपण पकडू. खिडकीत जे येतं ते पडद्याऐवजी एका फाईलमध्ये लिहायला सांगू. फाईल कुठे पळून जात नाही, नंतर निवांत वाचता येईल. तिला लॉग म्हणतात.”

गहिनीनाथाला हे एकदम पटलं. माणूस बोलून निघून जातो, कागद राहतो, हे त्याचं जन्माचं शहाणपण. हर्षलने फोनवर एकेक पायरी सांगितली. चित्रावर उजवी टिचकी मारायची, चित्राची माहिती उघडायची, तिथली ओळ बदलायची, तिच्या शेवटी एक बाण काढायचा आणि बाणाच्या पुढे नव्या फाईलचं नाव. गहिनीनाथाने इंग्रजी अक्षरांत नाव दिलं ‘चुका’. त्या एका ओळीत श्री लिहायला जागा नव्हती. त्याने तो तोंडाने म्हटला आणि टिचकी मारली.

काळी खिडकी आली, चमकली, गेली. ‘चुका’ नावाची फाईल खरोखरच तयार झाली होती. त्याने चष्मा पुसून ती उघडली. आत चुकीचं एक अक्षर नव्हतं.

“कोरी हाय,” त्याने फोनवर सांगितलं. “म्हंजे चूकच न्हाई?”

“नाही हो काका, माझंच चुकलं. नुसत्या बाणाने फक्त सरळ झालेल्या कामाच्या ओळी फाईलीत येतात. चुकांची वाट वेगळी असते. त्या त्यांच्या रस्त्याने पडद्यावर जातात. त्यांना फाईलीत वळवायचं तर बाणाच्या आधी, मध्ये जागा न सोडता, दोन आकडा लिहायचा. दोन नंबरची वाट म्हणतात तिला.”

“आमच्या संस्थेत दोन नंबरचं काय न्हाई,” गहिनीनाथ कडक आवाजात म्हणाला. मग सगळं नीट समजावून घेतल्यावर त्याने दोनचा आकडा लिहिला. पण त्याच्या डोक्यातून ती गोष्ट जाईना. चांगलं तेवढं सांगितलेल्या जागी येतं, आणि चुकीचं असेल ते भलत्याच वाटेने निघून जातं, ज्याला कळायला पाहिजे तो कोरा राहतो. हे तर आपल्या गावासारखंच झालं, असं त्याला वाटलं. मशीन त्याला एकदम जवळचं वाटू लागलं.

टिचकी मारली. खिडकी चमकून गेली. फाईल उघडली. या वेळी आत एक ओळ होती. सुरुवातीला दोन उभ्या रेघा, आणि पुढे थोडं इंग्रजी. त्याने ती हर्षलला अक्षर अक्षर लावून सांगितली.

“म्हणजे, ‘या रेघा या वेळी इथे अपेक्षित नव्हत्या’,” हर्षल म्हणाला. “काका, हुकमांच्या फाईलीत कोणी दोन उभ्या रेघा टाकल्यात का? बघा हं, कॉम्प्युटरच्या भाषेत त्या रेघांचा अर्थ असा, की आधीचं काम फसलं तर पुढचं कर. आधी काही कामच नाही आणि एकदम रेघा आल्या, तर त्याला काही कळत नाही. तो तिथेच सगळं सोडून देतो. खालचं काही वाचतच नाही.”

गहिनीनाथाने चष्मा काढून पुन्हा पुसला.

“काका? ऐकताय ना? कोणी हात लावला होता का त्या फाईलला?”

“बघून सांगतो,” असं म्हणून गहिनीनाथाने फोन ठेवला.

बघायचं काही राहिलं नव्हतं. त्याने फाईल उघडली. सकाळी स्वतःच्या हाताने घातलेला श्री वरती होता, दोन रेघा अलीकडे, दोन रेघा पलीकडे. तो किती तरी वेळ त्याच्याकडे बघत बसला. आधी त्याला मशीनचा राग आला. मग हर्षलचा. मग ज्याने ती कळ केली त्या अज्ञात माणसाचा. राग करायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्याला बैठकीतलं आपलं बोलणं आठवलं. त्याने हात जोडले, ओळ पुसली, टिचकी मारली. काळ्या खिडकीत चार ओळी शिस्तीत पळाल्या आणि आकडे गेले.

इथे गहिनीनाथाने एक विचार केला, आणि तो त्याच्या वयाला शोभला नाही. झालं ते झालं. आता मशीन चालू झालंय. उद्या काकासाहेबांना सांगू, दुरुस्त झालं. पोरीला परत बोलावतील. कोणाला काही सांगायची गरज नाही. सगळ्यांचं बरं होईल आणि आपलं पांढऱ्या केसांचं नाव राहील.

पुढचे दिवस पहिल्याच फेऱ्याला आकडे जात राहिले. टँकर वेळेवर वळला. आणि सकाळी रांगेत कॅन घेऊन उभी असलेली माणसं एकमेकांना म्हणू लागली, “बघितलं का? ती गेली आन मशीन सुतासारखं सरळ झालं.” काकासाहेब स्वतः येऊन गहिनीनाथाच्या पाठीवर थाप मारून गेले. “सेक्रेटरी, तुमी म्हनला तेच खरं. मधी तीच कायतरी करत हुती.” ते दळणाच्या रांगेतही पोचलं, आणि तिथून लंकाबाईच्या अंगणातही पोचलं असणार, कारण त्या दिवशी अश्विनी अंगणात दिसली नाही.

गहिनीनाथ जेवायचा कमी झाला. बायकोने विचारलं, तर म्हणाला, पित्त झालंय. आपण चूक लपवली तर ती लपून राहील, एवढंच त्याने धरलं होतं. ती दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसेल, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

ट्रक निघायच्या दिवशी सकाळी दूध घालायला नेहमीसारखी गर्दी होती. वस्तीकडून ट्रकचा भोंगा ऐकू आला, नारळ फोडल्याचा आवाज झाला, मग ट्रक धूळ उडवत मोठ्या रस्त्याकडे गेला. रांगेतलं कोणीतरी म्हणालं, “गेली एकदाची मशीनवाली.” दोघंतिघं हसले.

गहिनीनाथाने हातातला कॅन खाली ठेवला.

“मशीनमधी बिघाड मी केला हुता,” तो म्हणाला.

कोणाला ऐकू गेलं नाही, कारण त्याला मोठ्याने बोलायची सवय नव्हती. म्हणून तो बाकावर चढला आणि पुन्हा म्हणाला. मग सगळं सांगितलं. रोजचा नेम, श्री, त्या रेघा, चुकांची फाईल, आणि ती वाचून पुसून टाकलेली ओळ. “पोरीनं काय केलं न्हाई. मी मीटिंगमधी बोललो ते चुकीचं हुतं. आन कळल्यावर गप बसलो, ते त्याच्याहून चुकीचं.”

मग मागून एक म्हातारा म्हणाला, “म्हंजे श्री घातल्यानं मशीन बिघडतं?” दुसरा म्हणाला, श्रीने कधी काही बिघडत नसतं, मशीनच खोटं असणार. तिसऱ्याचं म्हणणं पडलं, की श्री वर न घालता शेवटी घालून बघावा. एकाने विचारलं, गणपतीचं नाव घातलं तर चालेल का. काकासाहेब आले होते, तेही त्यात पडले आणि म्हणाले, हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा लागेल.

“श्रीचं मागनं बघू!” गहिनीनाथ ओरडला. साऱ्या आयुष्यात त्याचा एवढा मोठा आवाज गावाने ऐकला नव्हता. “देव कुठं जात न्हाई. ट्रक चाललाय!”

काकासाहेबांनी गाडीला किक मारली आणि गहिनीनाथ मागे बसला. धोतराचा सोगा चाकात जाऊ नये म्हणून त्याने तो हाताला गुंडाळला होता. मिरजगावला ट्रक चहापाण्याला थांबलेला सापडला. वर बाजली, पेट्या, सरपण, शेळ्या, आणि त्यांच्यामधून माणसांची डोकी. अश्विनी मागच्या फाळक्याला टेकून सासूच्या शेजारी बसली होती. कल्याण खाली उभा राहून चहा पीत होता. सेक्रेटरी दिसल्यावर त्याने कप बाजूला ठेवला, पण रामराम केला नाही.

गहिनीनाथ फाळक्याखाली जाऊन उभा राहिला. सगळी टोळी खाली बघत होती.

“अश्विनी, मशीनमधली चूक माझी हुती,” तो म्हणाला. “ती घावली.”

“मला ठावं हाय, अण्णा.”

“कवापासनं?”

“पैल्या दिशीपासनं. फाईल उघडली, तर वर श्री. मी पुसला. दुसऱ्या दिशी परत. रोज तुमाला च्या सांगाया धाडायची आन रोज पुसायची. हात जोडून पुसत हुते.”

गहिनीनाथाला चहाच्या त्या सगळ्या फेऱ्या आठवल्या. “मग मला सांगितलं का न्हाईस, पोरी?”

“काय सांगू? तुमचा श्री चालत न्हाई म्हनू? तुमी मला कामाला लावलं. मला वाटायचं, आज ना उद्या तुमीच इचाराल, अश्विनी, सकाळी घातलेला श्री जातो कुठं? तुमी कदी इचारलंच न्हाई. आन मीटिंगमधी म्हनला, मधी ही कायतरी करती. ते तर खरंच हुतं. मग मी काय बोलनार?”

मशीन पचवतंय असं वाटलं, हे सांगायला त्याने तोंड उघडलं. पण ट्रकवरून एवढी माणसं बघत असताना ते सांगण्यासारखं राहिलं नव्हतं. त्याने खाली उभ्या उभ्या तिच्यापुढे हात जोडले. अश्विनी घाईघाईने वाकली आणि त्याचे हात धरून खाली करू लागली, “अण्णा, असं नगा करू, समदे बघत्यात.” तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि त्याच्याही.

“गावात बोलला का हे?” लंकाबाईने वरून विचारलं.

“बाकावर उभं राहून बोलले,” काकासाहेब म्हणाले. “मी समोर हुतो. पोरीला न्यायला आलोय.”

लंकाबाईने सुनेकडे पाहिलं. मग उठून तिचं गाठोडं ओढून काढलं आणि फाळक्यावरून खाली दिलं. ते घ्यायला कल्याण पुढे झाला, पण तिने ते सेक्रेटरीच्याच हातात दिलं.

“न्या तिला,” ती म्हणाली. “पर पुन्यांदा कुनाचं नाव घ्याच्या आदी तिला इचारा.”

गहिनीनाथ गाठोडं छातीशी धरून उभा राहिला. त्याला जड झालं होतं, पण ते खाली ठेवावं असं त्याला वाटलं नाही.